न आलेल्या पिकाचा बाजार

माझ्या भाच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे, किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तशी. आठवीत असताना त्याने ती नेरूळच्या एका दुकानातून घेतली आणि तेव्हापासून तो तिच्यात एकच हिशेब ठेवत आला आहे. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाचे इतर संघांकडून किती ड्राफ्ट पिक येणे आहेत, कोणत्या वर्षाचे, कोणाकडून आणि कोणत्या अटीवर, एवढेच त्यात आहे. पहिल्या पानावर त्याने ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘येणे पीक’. हा इंग्रजी शब्द आहे, वेलांटी पहिली काढ, दुसरी काढलीस तर ते शेतातले पीक होईल, असे मी त्याला तेव्हा सांगितले होते. त्याने ऐकले नाही, आणि आता मला वाटते की शुद्धलेखनात तो चुकला असला तरी अर्थात मीच चुकलो होतो. म्हणून या लेखात मीही वेलांटी दुसरीच काढणार आहे.

लीगमध्ये तीस संघ आहेत. दरवर्षी जूनच्या सुमारास ते नव्या खेळाडूंची दोन फेऱ्यांत निवड करतात, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि ज्यांचा हंगाम वाईट गेला त्यांना आधी निवडायला मिळते. निवडीचा हा हक्क म्हणजे पीक. हक्क असल्यामुळे तो दुसऱ्याला देता येतो, आणि तोही सात वर्षे पुढचा. म्हणजे आज ज्या हक्काची देवघेव चालली आहे तो ज्या मुलासाठी वापरला जाईल, तो कदाचित आत्ता सातवीत बसून अपूर्णांक शिकत असतो. आमचे काका गावाकडची आंब्याची बाग मोहोर दिसण्याआधीच व्यापाऱ्याला देऊन टाकत असत. अवकाळी पाऊस येईल का, तुडतुडा पडेल का, किती पेट्या उतरतील, यातले काहीही ठाऊक नसताना आकडा ठरे आणि पैसे हातात पडत. शहाणा कोण ठरला, ते पेट्या वाशीच्या बाजारात पोहोचल्यावर कळे, आणि बहुतेक वेळा ते काका नसत.

या वहीची सुरुवात माझ्या एका फसलेल्या भविष्यवाणीने झाली. जुलै २०१९ मधला तो एक शनिवार होता. भाचा माझ्याकडे ठाण्याला आला होता आणि आम्ही मामलेदार मिसळीच्या बाहेर छत्री धरून जागेची वाट पाहत होतो, तेव्हा त्याने फोनवर बातमी वाचली, की थंडरने पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवले. आदल्या हंगामात सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा आलेला हा माणूस. त्याच्या बदल्यात आले काय, तर लीगमध्ये जेमतेम एक वर्ष काढलेला शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा सडपातळ पोरगा, डॅनिलो गॅलिनारी हा इटालियन खेळाडू, पहिल्या फेरीची पाच पिके आणि दोन वर्षांसाठी पिकांची अदलाबदल करण्याचा हक्क, म्हणजे समोरच्याचे पीक वरच्या क्रमांकाचे निघाले तर आपले देऊन ते घेण्याची मुभा. त्यानंतर थोड्याच दिवसांत रसेल वेस्टब्रूकही ह्यूस्टनला गेला आणि त्या बदल्यात ख्रिस पॉल, आणखी दोन पिके आणि आणखी दोन अदलाबदली आल्या. मी भाच्याला समजावले, की ज्यांच्या जिवावर संघ उभा होता ती दोन्ही माणसे विकून कागद गोळा करणाऱ्या या संघाला दहा वर्षांत विजेतेपद मिळाले, तर तू म्हणशील त्या दिवशी मिसळ माझ्याकडून. २३ जून २०२५ च्या सोमवारी, आपल्याकडे सकाळ असताना, थंडरने इंडियानाला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हरवले. तोच सडपातळ पोरगा त्या वर्षी हंगामाचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अंतिम मालिकेचाही. मिसळीचे पैसे मी दिले. तिखट जास्त मागवून वर दोन ताकेही त्याने माझ्याच खात्यात घातली.

पैज हरल्याचे फारसे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले, की रबाळ्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षे खरेदी विभागात काढूनही त्या सौद्यात नेमके काय विकले जात होते ते मला ओळखता आले नव्हते. मी विकले गेलेले खेळाडू मोजत होतो. पुनर्बांधणीला, म्हणजे जुना संघ मोडून नवा उभारायला, बसलेला संघ मात्र खेळाडू विकतच नाही. तो त्या खेळाडूची उरलेली वर्षे विकतो, आणि ती वर्षे आपल्या उपयोगाची नाहीत हे आधी स्वतःशी कबूल करतो. पॉल जॉर्जने एक वर्षापूर्वीच नवा करार केला होता, म्हणजे घेणाऱ्याला तो काही हंगाम हमखास मिळणार होता. शिवाय त्याचा सर्वांत चांगला हंगाम नुकताच संपला होता. बाजारात त्याहून चांगला भाव पुन्हा कधी येणार नव्हता. पुनर्बांधणी करणारे अनेक संघ इथेच चुकतात. आपल्या आवडत्या खेळाडूला आणखी एक हंगाम ठेवून पाहू, म्हणता म्हणता तो तिशी ओलांडतो, कराराचे एकच वर्ष उरते, आणि मग येणारा प्रत्येक ग्राहक अर्ध्या किमतीपासून बोलायला सुरुवात करतो.

भावाहूनही मोठी गोष्ट होती ती समोरच्याची निकड. नुकताच टोरांटोला विजेतेपद मिळवून दिलेला कवाय लेनर्ड मोकळा झाला होता, क्लिपर्सना तो हवा होता, आणि त्याला सोबत एक तोलामोलाचा जोडीदार हवा होता. म्हणजे क्लिपर्स एका जॉर्जची किंमत ठरवत नव्हते. तो मिळाला नाही तर दोघेही मिळणार नव्हते. गरजवंताला अक्कल नसते, हे आमच्या विभागात कोणी भिंतीवर लिहून ठेवलेले नाही, पण मार्च महिन्यात माल मागायला निघालेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते वाचता येते. थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांनी ते वाचले आणि पाच पिके मागितली. जॉर्जने स्वतःच जाण्याची इच्छा सांगितली होती, म्हणजे खरे तर थंडरही अडलेलेच होते. पण दोन अडलेल्यांमध्ये ज्याला थांबता येते त्याच्या हाती भाव राहतो, आणि पुनर्बांधणी करणाऱ्या संघाकडे दुसरे काही नसले तरी वेळ भरपूर असतो.

आता पिकांकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. वर्तमानपत्री हिशेब करणारा माणूस पिकांची संख्या मोजतो. खरा हिशेब असा, की पीक घेणे म्हणजे देणारा संघ त्या वर्षी वाईट खेळेल यावर पैसे लावणे. त्यामुळे पीक कोणाचे आणि किती वर्षांनंतरचे, यावर सगळे अवलंबून असते, आणि इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. जवळचे पीक पक्के वाटते म्हणून ते हवेसे वाटते. पण जो संघ आज तुमचा तारा विकत घेतो आहे तो आज चांगलाच आहे, त्यामुळे त्याचे यंदाचे आणि पुढल्या वर्षीचे पीक यादीच्या तळाशीच येणार. मोल असते ते चौथ्या-पाचव्या वर्षाच्या पिकाला, कारण तोवर त्यांनी घेतलेले खेळाडू म्हातारे झालेले असतात.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला २०१३ चा आहे. ब्रूकलिन नेट्सना तातडीने विजेतेपद हवे होते आणि बॉस्टन सेल्टिक्सचे दोन मोठे खेळाडू उताराला लागले होते. केविन गार्नेट सदतीस वर्षांचा, पॉल पिअर्स पस्तिशीचा. बॉस्टनने दोघांनाही जेसन टेरीसह ब्रूकलिनला दिले आणि मुख्यतः २०१४, २०१६ आणि २०१८ ची पिके व २०१७ मध्ये अदलाबदलीचा हक्क मिळवला. ब्रूकलिनने पहिल्या वर्षी ४४ सामने जिंकले, प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, दुसऱ्या फेरीपर्यंत मजल मारली, आणि त्या वर्षीचे पीक बॉस्टनच्या हाती सतराव्या क्रमांकावर पडले. त्यातून फारसे काही उगवले नाही. त्या दिवशी कोणी हिशेब मांडला असता, तर बॉस्टनने दोन दैवते मातीमोल विकली असाच निष्कर्ष निघाला असता. पण पिअर्स एका वर्षात निघून गेला, गार्नेट दुसऱ्या हंगामाच्या मध्यात गेला, आणि २०१६ चे पीक तिसऱ्या क्रमांकावर आले: त्यातून जेलन ब्राउन मिळाला. २०१७ मध्ये ब्रूकलिन वीस सामने जिंकून लीगमध्ये शेवटचे आले, लॉटरीत, म्हणजे वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत, त्यांचा पहिला क्रमांक निघाला आणि अदलाबदलीमुळे तो बॉस्टनकडे गेला. बॉस्टनने पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसरा व वर आणखी एक भावी पीक घेतले, आणि तिसऱ्यावर जेसन टेटमला निवडले. ब्राउन आणि टेटम यांच्या बळावर बॉस्टनने २०२४ चे विजेतेपद मिळवले. सौदा झाला तेव्हा या दोघांचेही शालेय शिक्षण संपायचे होते.

या कथेत मला बॉस्टनच्या चातुर्यापेक्षा ब्रूकलिनची अवस्था अधिक बोधक वाटते. हरण्याचे दुःख तर सगळ्याच संघांना असते. ब्रूकलिन मात्र हरत होते आणि हरण्याचा मोबदला दुसऱ्याच्या घरी जात होता. म्हणून पुनर्बांधणीला निघण्यापूर्वी स्वतःची पिके स्वतःकडे आहेत ना, हे पाहणे ही पहिली पायरी आहे, आणि हाच धडा ब्रूकलिनने अकरा वर्षांनी फार सुंदर रीतीने वापरला. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी मिकाल ब्रिजेस हा खेळाडू न्यूयॉर्क निक्सना देऊन पहिल्या फेरीची पाच पिके घेतली; पण त्याच सुमारास त्यांनी ह्यूस्टनशी दुसरा व्यवहार केला. जेम्स हार्डन या खेळाडूच्या जुन्या सौद्यात ब्रूकलिनच्या २०२५ आणि २०२६ च्या पिकांवरचे हक्क ह्यूस्टनकडे गेलेले होते. केविन ड्युरांटला विकून मिळालेल्या फीनिक्सच्या पिकांवरचे हक्क ह्यूस्टनला देऊन त्यांनी आपले स्वतःचे हक्क परत घेतले. आधी घर सोडवून घेतले आणि मगच ते पाडायला काढले. त्यानंतरच्या हंगामात ते २६ सामने जिंकले आणि लॉटरीत आठव्या क्रमांकावर आले, म्हणजे नशिबाने काही साथ दिली नाही. तरी निर्णय बरोबर होता असेच मी म्हणेन, कारण निकालावरून सौद्याची पारख करायची सवय खरेदी विभागात सर्वांत आधी मोडावी लागते.

आपले भविष्य विकून बसणाऱ्या मालकांना आवरण्यासाठी लीगने एक नियमही केलेला आहे. सलग दोन भावी वर्षांची पहिल्या फेरीची पिके कोणालाही विकता येत नाहीत. त्याला स्टेपियन नियम म्हणतात, आणि टेड स्टेपियन हे ऐंशीच्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँडचे मालक होते. मूर्खपणासाठी आपले नाव नियमाला मिळावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्या काळात क्लीव्हलँडच्या गेलेल्या पिकांपैकी १९८२ चे पीक लॉस एंजेलिस लेकर्सकडे होते. लेकर्सनी त्या वर्षी विजेतेपद मिळवले आणि काही आठवड्यांनी क्लीव्हलँडच्या कृपेने ड्राफ्टमधला पहिला क्रमांकही त्यांनाच मिळाला. त्यावर त्यांनी जेम्स वर्दीला निवडले.

अदलाबदलीचा हक्क आणि संरक्षित पीक या दोन गोष्टी भाच्याच्या वहीत वेगळ्या शाईने लिहिलेल्या असतात. संरक्षित पीक म्हणजे देणारा संघ अट घालतो, की ते पहिल्या पाचांत किंवा पहिल्या दहांत आले तर देणार नाही. म्हणजे आंबा चांगला आला तर माझा, डागी निघाला तर तुझा. अशा पिकांची संख्या फुगलेली दिसते आणि हाती फार थोडे लागते. उलट अदलाबदलीचा हक्क बातमीत शेवटच्या ओळीत येतो, पण २०१७ मध्ये बॉस्टनला टेटमपर्यंत त्यानेच नेले.

थंडरने यापलीकडे जे केले ते मला अधिक आवडते, कारण ते किरकोळीच्या धंद्यासारखे आहे. लीगमध्ये पगारांवर मर्यादा असते, आणि श्रीमंत संघांच्या गळ्यात नेहमी एखादा नको असलेला, महागडा करार अडकलेला असतो. पुनर्बांधणी करणाऱ्या संघाच्या पगारपत्रकात जागा मोकळी असते. तो म्हणतो, तुमचा करार माझ्या गोदामात ठेवा, भाडे म्हणून एक पीक द्या. २०२० च्या शेवटी फिलाडेल्फियाला अल हॉरफर्डचा करार जड झाला होता. थंडरने तो घेतला आणि सोबत पहिल्या फेरीचे एक पीक घेतले. हॉरफर्ड त्यांच्याकडे २८ सामने खेळला, मग त्याला विश्रांती दिली गेली, आणि २०२१ च्या जूनमध्ये त्यांनी त्याला बॉस्टनकडे पाठवून केम्बा वॉकरचा त्याहून जड करार आणि सोळाव्या क्रमांकाचे पीक घेतले. ते सोळावे पीक त्यांनी ह्यूस्टनला देऊन दोन भावी पिके घेतली. इथे मात्र थोडे थांबायला हवे, कारण ह्यूस्टनने त्या सोळाव्या क्रमांकावर अल्पेरेन शेंगुन हा तुर्की खेळाडू निवडला आणि २०२५ मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या मोजक्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. भाच्याच्या वहीत ही नोंद लहान अक्षरांत, पानाच्या अगदी कडेला आहे. एकाची दोन केली म्हणजे नेहमीच फायदा झाला असे नसते, हे थंडरचे भक्तही मान्य करतात, फक्त जरा हळू आवाजात.

ख्रिस पॉलचा व्यवहार तर आमच्या विभागात शिकवण्यासारखा आहे. तो आला तेव्हा त्याचे वय, दुखापती आणि अवाढव्य करार पाहून त्याला सगळे ओझे समजत होते. ह्यूस्टनने त्याच्याबरोबर पिके जोडून दिली होती ती त्यामुळेच. थंडरने त्याला कोपऱ्यात न बसवता खेळवले. त्या हंगामात तो ऑल-स्टार झाला, संघ ४४ सामने जिंकून पश्चिम विभागात पाचवा आला, आणि पुढल्याच नोव्हेंबरात त्याच पॉलच्या बदल्यात फीनिक्सकडून पहिल्या फेरीचे एक पीक मिळाले. घेताना वर पैसे मिळाले आणि विकतानाही मिळाले. जुने यंत्र भंगाराच्या भावात आणून, तेलपाणी करून, चालू स्थितीत गिऱ्हाइकाला दाखवावे तसेच हे. शिवाय त्या एका वर्षात शे गिल्जस-अलेक्झांडरने सामन्याची शेवटची पाच मिनिटे कशी हाताळायची ते पॉलच्या शेजारी उभे राहून शिकून घेतले, अशी माझी समजूत आहे.

यावरून मी त्या वादग्रस्त मुद्द्याकडे येतो, ज्यावर भाचा आणि मी अजून भांडतो. हरणे हे धोरण असावे का? फिलाडेल्फियाचे सॅम हिंकी यांनी २०१३ ते २०१६ या काळात ते उघडपणे राबवले. त्यांनी चांगले खेळाडू विकले, पिके साठवली, आणि २०१५-१६ च्या हंगामात संघ १० सामने जिंकला व ७२ हरला. त्या सगळ्यातून जोएल एम्बीडसारखा असामान्य खेळाडू मिळाला हे खरे, पण एम्बीडच्या काळात २०२५ पर्यंत त्या संघाला प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे जाता आले नव्हते. लीगने २०१९ पासून लॉटरीचे गणितच बदलले. त्या बदलाने शेवटच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची समान, म्हणजे १४ टक्के संधी मिळू लागली आणि सर्वांत वाईट संघसुद्धा घसरून पाचव्या क्रमांकावर जाऊ लागला. डेट्रॉइटने २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरून दाखवले, हंगामात फक्त १४ जिंकले, आणि त्यांना पाचवा क्रमांक मिळाला. पुढल्या वर्षी यूटा १७ जिंकून तळाला गेले, त्यांनाही पाचवाच. पहिला क्रमांक, आणि त्याबरोबर कूपर फ्लॅग, १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसने नेला. भाचा म्हणतो, १४ टक्के तरी कुठे कमी आहेत? मी म्हणतो, सहा वेळा हरून एकदाही मिळण्याची हमी नसलेल्या गोष्टीसाठी विशीतल्या पोरांना हरायची सवय लावणे महागात पडते.

हे मी नुसते पाहून बोलत नाही. पूर्वी मी जिथे काम करत होतो तिथे एका वर्षी खर्च कमी करायचा म्हणून विभागातली पंचावन्नच्या पुढची सगळी माणसे एकदम घरी पाठवली. आम्ही तरुण होतो, हुशार होतो आणि स्वस्त होतो. पत्र्याची गुंडाळी उतरवून घेताना ती कडेला बोटाने कशी तपासायची, गंजाचा वास कसा ओळखायचा, हे दाखवायला मात्र कोणी उरले नव्हते, आणि ते वर्ष आम्ही परत पाठवलेल्या मालाचे कागद करण्यात घालवले. डेट्रॉइटने २०२४ च्या उन्हाळ्यात नेमके उलट केले. टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनिअर असे, कोणी पोस्टर लावणार नाही पण रोज वेळेवर सरावाला येतील, असे अनुभवी खेळाडू आणले. आणि तोच तरुण संघ १४ वरून ४४ विजयांवर गेला. पुनर्बांधणीच्या चर्चेत आपण काय विकायचे यावरच बोलत राहतो. काय विकायचे नाही, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

आणि त्याहूनही अवघड म्हणजे विकणे कधी थांबवायचे. हिशेबाच्या वहीचे एक व्यसन असते; येणे वाढत राहिले की माणसाला आपण श्रीमंत होत चाललो असे वाटते. पण संघात नियमित करारावर पंधराच खेळाडू ठेवता येतात. ब्रूकलिनने २०२५ मध्ये पहिल्या फेरीत पाच खेळाडू निवडले, आजवर कोणी केले नव्हते असे काही. मग त्या पाच पोरांना मैदानावर मिनिटे कुठून आणायची हा त्यांच्या प्रशिक्षकासमोरचा प्रश्न झाला. यूटाने २०२२ मध्ये रूडी गोबेर आणि डोनोव्हन मिचेल यांना विकून पिकांचे डोंगर उभे केले, त्यांना घेणाऱ्या मिनेसोटा आणि क्लीव्हलँडच्या संघांनी मात्र पुढची वर्षे उत्तम खेळून त्या पिकांचा भाव पाडून ठेवला. वर सांगितलेच, की पीक म्हणजे दुसऱ्याच्या घसरणीवर लावलेले पैसे. दुसरा घसरलाच नाही तर वही नुसती जाड होते.

थंडरने २०२४ च्या जूनमध्ये जे केले ते म्हणूनच मला त्यांच्या सगळ्या सौद्यांत श्रेष्ठ वाटते, जरी त्याची बातमी आतल्या पानावर आली होती. आदल्या हंगामात ५७ सामने जिंकलेल्या त्या संघाने जॉश गिडी हा एकवीस वर्षांचा, त्यांनीच सहाव्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू शिकागोला दिला आणि तिशीतला ॲलेक्स कारुसो घेतला. सोबत एकही पीक मागितले नाही. पाच वर्षे बहुतेक व्यवहारांत वर काहीतरी मागणाऱ्या प्रेस्टींनी इथे नुसता माणूस घेतला, आणि तोही म्हातारा. बाजारभावाने पाहिले तर हा तोट्याचा सौदा होता. पण त्यांना आता भाव नको होता. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला रात्रभर चिकटून राहील असा माणूस हवा होता, आणि पुढल्या वर्षीच्या अंतिम फेरीपर्यंत तो त्यांना पुरला. क्लिपर्सच्या २०२२ च्या पिकातून आलेला जेलन विल्यम्स तोवर तयार झालेला होता. वहीतल्या एका ओळीचे माणसात रूपांतर झालेले मी त्या हंगामात रोज सकाळी ट्रान्स हार्बरच्या गाडीत, ठाण्याहून रबाळ्यापर्यंतच्या प्रवासात फोनवर पाहिले, आणि ऐरोलीला हमखास सिग्नल जाऊन बास्केट पडली की नाही ते कळायचे राहून गेले.

आता त्यांच्यापुढे नवा पेच आहे. शेने २०२५ च्या जुलैमध्ये चार वर्षांसाठी २८ कोटी ५० लाख डॉलरचा वाढीव करार केला. चेट होल्मग्रेन आणि विल्यम्स यांचेही मोठे करार झाले. २०२३ पासूनच्या नियमांत पगाराची दुसरी कडक रेषा ओलांडणाऱ्या संघाला सौदे करताना अनेक खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, आणि त्याचे सात वर्षांनंतरचे पीकही गोठवले जाते. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पगार मात्र पहिली चार वर्षे ठरावीक आणि कमी असतो. म्हणजे जी पिके गरिबाने उद्याच्या आशेवर साठवली होती, ती आता श्रीमंताला घरखर्च भागवण्यासाठी लागणार आहेत. २०१९ मध्ये हे नियम नव्हतेच, त्यामुळे एवढे पुढचे कोणाला दिसले असेल असे मला वाटत नाही.

२०२५-२६ च्या हंगामाआधी एका रविवारी मी नेरूळला गेलो होतो. नवा हंगाम तोंडावर आला होता म्हणून भाच्याने वही काढली. पहिल्या पानावरच्या, त्या पावसाळी शनिवारी लिहिलेल्या ओळी एकेक करून खोडलेल्या होत्या. २०२६ ची एकच उरली होती, क्लिपर्सचे पीक, बिनशर्त.

‘‘मामा, क्लिपर्स यंदा किती जिंकतील?’’ त्याने विचारले.

आदल्या हंगामात त्यांनी पन्नास जिंकले होते, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी अनुभवी माणसे आणखी भरली होती. यंदाही पन्नासच्या आसपास, असे मी म्हणालो. त्याने उत्तर दिले नाही. पेन्सिल घेऊन त्या ओळीसमोरच्या समासात तो एकाखाली एक आकडे लिहीत गेला: हार्डन ३६, लेनर्ड ३४, लोपेझ ३७, आणि सगळ्यांत खाली, फिरून पुन्हा क्लिपर्सकडेच आलेला ख्रिस पॉल, ४०. मग वही माझ्याकडे फिरवून म्हणाला, ‘‘मिसळ लावायची?’’

मी लावली नाही.